बशीतले जंतू

(सरकारी दवाखान्याचा वॉर्ड. खाटेवर माणिकराव, उशाशी मुलगी समता.)

समता: बाबा, पायाच्या ऑपरेशनच्या कागदावर सही करा ना. डॉक्टर दोनदा येऊन गेले.

माणिकराव: आगुदर बॅगमंधून तुहं औषध काढ.

समता: कोणतं औषध?

माणिकराव: बकरीच्या रक्तातलं. थ्याच्यासाठीच तं थांबलो म्या. साऱ्या संग्रामपुराले सांगून ठेवलं, माही समता पुण्याले औषध बनवून राह्यली, पाय कापाचं काम नाई.

समता: म्हणून तुम्ही दवाखान्यात येत नव्हते? अरे देवा!

माणिकराव: तूच तं फोनवर म्हणे, सारे जंतू मेले.

समता: काचेच्या बशीत मेले, बाबा! माणसाच्या पायात नाही.

माणिकराव: बशीत मेले तं पायात काऊन नाई मरत?

समता: अंगात गेलं की ते औषध तुटून जातं. जास्त दिलं तर आपल्याच पेशी फोडतं. माणसाला द्यायला अजून कितीतरी वर्षं लागतील.

माणिकराव: बकऱ्यामांगं जलम गेला माहा. बकरी जखम चाटते अन् बरी होते. तिले कोनतं औषध देतो आपन?

समता: तिच्या अंगातच असतं ते. तुमच्याही आहे, कातडीत, घामात, लाळेत. पण शुगरवाल्याच्या जखमेत ते कमी पडतं.

माणिकराव: म्हंजे माहं पुरलं नाई, अन् तुहं आलं नाई. वरातीमांगून घोडं!

समता: हो.

माणिकराव: एक कुपी लावून तं पाह्य. कोनाले सांगत नाई मी.

समता: माह्याच बापावर? नाही बाबा, मले भेव वाटते. विष वर चढून राह्यलं. पाय नाही काढला तं तुमी जासान. मले तुमी पाह्यजे.

माणिकराव: रडू नको, माय. ... कापल्यावर पायाचं काय करतात?

समता: जाळतात.

माणिकराव: अन् थे जंतू? कोनतंच इंजेक्शन मानत नाई म्हंते डॉक्टर.

समता: तेही जळतात.

माणिकराव: त्याच्या आगुदर थोडे घेऊन जाशीन का? तुह्या बशीत सोड. असे हट्टी तुले कुठं भेटतीन?

समता: त्याला तुमची लेखी परवानगी लागते, बाबा.

माणिकराव: मंग आन दोन्ही कागद. चष्मा दे माहा. कुठी करू सही?

समता: इथं. अन् इथं.

माणिकराव: हं. मेले का थे, मले फोन करून सांगजो.