ट्रॉली मागं घेताना

हसा बे, हसा. वीस वर्षं ट्रॅक्टर चालवून मी लायसनच्या परीक्षेत नापास झालतो.

त्या साली दुष्काळानं माजलगावकडचा ऊस वाळला अन् कारखाना बंद पडला. बायको तिच्या भावाच्या टोळीसंगं कोल्हापूरकडं ऊसतोडीला गेलती. मी मागं राहिलो, कावून की सोसायटीच्या ट्रॅक्टरवरच्या पाण्याच्या टँकरला लायसनवाला ड्रायव्हर पाहिजे होता.

बीडला आरटीओच्या मैदानावर परीक्षा घेणारे साहेब म्हणले, "ट्रॉली मागं घे." मी रिव्हर्स गिअर टाकला अन् तसाच बसलो.

"काय झालं?"

"साहेब, मागून कुणी बोलंना."

"कोण बोलणार?"

"बायको. ती 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणती, तवा मी घेतो. 'बास' म्हणली की थांबतो."

"लायसन तुला पाहिजे का तिला?"

मग एकट्यानंच घेतली, तर ट्रॉली थेट खांबावर गेली.

तिथूनच तिला फोन लावला. "नापास झालो."

"कावून?"

"मागं तू नव्हतीस."

तिकडून फडातल्या कोयत्यांचा आवाज तेवढा येत होता. मग ती लई हळू म्हणली, "येऊ द्या... येऊ द्या..."

मी फोन कानाला लावून मैदानातच उभा, अन् ती काही 'बास' म्हणेना.