रंजूच्या रक्ताची गोष्ट

मी गिरडची पोट्टी. दर्ग्याच्या टेकडीखाली बापाचं बांगड्यांचं दुकान, अन् बहिणींत बोलकी मीच, म्हणून बाप म्हणे हिले नुसती दारात बसवा, दुकान आपोआप चालते. लग्न होऊन जाम गावाले आली. मालक चौकातलं दुकान पाहे अन् मी पेटी घेऊन गावोगाव लग्नाच्या पोरींचे चुडे भरत फिरे.

आता काय सांगू भाऊ तुमाले, बांगडी भरणं म्हणजे अर्धं काम जिभेचं. पोट्टीनं हात ताठ धरला की काच फुटते, म्हणून तिले हसवायचं, हसली की हात सैल होते अन् बांगडी गुपचूप सरकते. कवा सासूची नक्कल, कवा मालकाची, एका गावात सरपंचाची केली तं तो मागंच उभा, बायकायसंगं तोही हसून राह्यला. ते असो.

रंजू माझी एकुलती एक. चौथीत होती तवा शाळेत सिकलसेलच्या बिमारीसाठी रक्त तपासायचं शिबिर आलं. आमच्याकडं लय लोकायच्या रक्तात ते निघते. डॉक्टरीणबाई म्हणे, मावशी, पोरगी धडधाकट हाये, मोठी झाली की तिलेच विचारून करू. मी म्हणलं नाई बाई, फुकट हाये तं आत्ताच घ्या. घेतलं. रंजू वाहक निघाली. म्हणजे तिले काई होत नाई, फक्त नवराही तसाच निघाला तं लेकराले बिमारी होऊ शकते. बाई म्हणे, तिले समजायच्या वयात नीट सांगजा, गावात बोलू नका. अन् या बिमारीत रक्तातल्या पेशी विळ्यावाणी कशा वाकतात, ते बोट वाकवून दाखवलं.

मले ते वाकडं बोट लय आवडलं. तिथंच चुकलं. पुढच्याच लग्नात एका नवरीचा हात ताठ, काई केल्या हसेना, अन् माझ्या तोंडून निघालं, आमच्या रंजूच्या रक्तात तं विळे हायेत बाई, डास चावला तं डासाचीच सोंड कापली जाते. बायका अशा हसल्या बाप्पा, अन् बांगडी सुळकन वर. मंग काय, गावोगाव तेच. कुठं डास, कुठं ढेकूण.

सुट्टीत रंजूले संगं नेलं तं एक म्हातारी तिची हनुवटी धरून म्हणे, हीच का वो विळ्यावाली? रस्त्यानं रंजू विचारे, माय, माझ्यात काय हाये? मी म्हणलं काई नाई, म्हातारी चळली. साऱ्या गावायले माहीत, जिचं होतं तिलेच नाई.

पोट्टी मोठी झाली, शिवण शिकली. स्थळं येत अन् चहा पिऊन जात. एकदा एका पोराची माय आली, हातात मीच भरलेल्या बांगड्या, अन् हसत हसत म्हणे, बाई, विळा आम्ही वावरात ठेवतो, घरात नाई. माझाच विनोद, मलेच वाढला. रंजू आतून ऐकून राह्यलती. पाहुणे गेल्यावर तिनं माझ्याकडून सारं काढून घेतलं, मंग कपबश्या उचलल्या अन् म्हणलं, माय, रक्त माझं होतं, तुले फक्त गोष्ट पायजे होती.

भांडली असती तं बरं झालं असतं. मी जिभेवर जगलेली बाई, पेटी उघडून बांगड्या मोजत बसली.

मंग कारंज्याकडच्या एका शेतकऱ्याच्या पोराले ती आवडली. लोकायनं सांगायच्या आधी तिनं स्वतःच त्याले सांगतलं. त्यानं जाऊन आपलं रक्त तपासलं, साफ निघालं, लग्न झालं. तिचा चुडा मीच भरला, एक शब्द न बोलता. लय बांगड्या फुटल्या.

आता नातू हाये, माझ्यावाणी बोलका. मागं अंगणवाडीत तपासणी आली तं मी म्हणलं, रंजू, करून घे. ती म्हणे, याच्या बापाचं रक्त साफ हाये, म्हणजे ही बिमारी याले होणारच नाई. फार तं माझ्यासारखा वाहक असन. ते याले लग्नाच्या वक्ती लागन, तवा तोच ठरवीन. मी म्हणलं, निदान मले तरी कळू दे. तिनं पोट्ट्याले कडेवर घेतलं अन् आत गेली.

खरं सांगू, अजूनही वाटते कळलं पायजे. पोट्टा पडला, गुडघा फुटला, की मी त्या रक्ताकडं पाहत बसते, जसं काई मले दिसनच. मंग पदरानं पुसून टाकते. तो मोठा होईस्तोवर मी राहीन का नाई देव जाणे, अन् राह्यली तरी तो मले सांगनच असं नाई. नको सांगो. खुशाल राहो.