आत्याबाईच्या मिशा

(दुपारच्या प्रयोगाआधीची रंगपटाची खोली. आरशासमोर उतारवयाचा नट. एका विनोदी नाटकात तो एकोणीस वर्षं आत्याबाईचं काम करतोय, म्हणून कंपनीत सगळे त्याला 'आत्या' म्हणतात. त्याला रंगवणारी बाई शेजारी उभी. तिला सगळे 'मास्तर' म्हणतात.)

आत्या : ...आणि हे काय, ओठ तसाच राहिला की. विसरलात?

मास्तर : विसरले नाही.

आत्या : मग लावा. पहिली घंटा होऊन गेली.

मास्तर : ती डबी मी आज आणली नाही.

आत्या : आणली नाही म्हणजे? पेटीत बघा, कापसाखाली असेल.

मास्तर : पेटीत नाही. घरी आहे. मुद्दाम ठेवून आले. मान वर करा, गळ्याला रंग राहिलाय.

आत्या : मास्तर, थट्टा करताय ना? इतक्या वर्षांत तुम्ही कधी केली नाहीत म्हणून विचारतो.

मास्तर : नाही.

आत्या : अहो, मग दुसऱ्या अंकात मी करू काय? भाचा म्हणतो, 'आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काकाच म्हटलं असतं.' मी सावकाश वळतो. दिवा थेट तोंडावर. वरच्या ओठावर ती कोवळी मिशी लोकांना दिसते आणि हॉल डोक्यावर घेतात. सगळं नाटक त्या वळण्यावर उभं आहे. मिशीच नसेल तर वळून दाखवू काय, नाक?

मास्तर : दाखवा. नाक चांगलं आहे तुमचं.

आत्या : काजळ द्या इकडे. मीच ओढतो रेघ.

मास्तर : घ्या.

आत्या : ...हे काही जमत नाही. डावीकडची वर चाललीय.

मास्तर : सरळ आली असती तरी ती चोराची मिशी झाली असती. काजळाबद्दलचे तुमचेच शब्द.

आत्या : पुसा, पुसा. आता सांगा, झालंय काय? मॅनेजर काही बोलला?

मास्तर : मॅनेजर कशाला बोलतोय? तो घंटा देतो.

आत्या : मग?

मास्तर : रविवारी माझी भाची नाटकाला आली होती.

आत्या : ती चौदा-पंधराची? भेटायला आली नाही आत.

मास्तर : आली नाही. तिला आणलं मीच. म्हटलं, पोरगी वर्षभर घुमी झालीय, जरा हसेल. तिसऱ्या रांगेत खुर्ची दिली. मी विंगेतून तिच्याकडेच बघत होते. पहिल्या अंकात हसली हो. तुम्ही जिन्यावरून घसरता तिथे तर पोट धरून हसली. मला फार बरं वाटलं.

आत्या : जिन्याला पोरं हसतातच.

मास्तर : मग भाच्याचं वाक्य आलं. तुम्ही वळलात. आणि तिचा हात वर गेला, ओठावर.

आत्या : का?

मास्तर : तिला मिशी येतेय, आत्या. आमच्या घराण्यातच आहे. माझ्या आजीला होती, मला आहे. भावालाही आहे, पण त्याला ती शोभते म्हणतात.

आत्या : बरं... मग?

मास्तर : मग काही नाही. नाटक संपेपर्यंत तिने हात काढला नाही. घरी जाताना काढला नाही. जेवताना डाव्या हाताने तोंड झाकून जेवली. परवा सकाळी बापाचं ब्लेड घेऊन न्हाणीघरात गेली आणि ओठ कापून बाहेर आली. फार नाही, एवढंसं. मी औषध लावायला गेले तर म्हणाली, 'आत्या, मी तुझ्यासारखी होणार का?'

आत्या : अरेरे. पोरीची जात, नाजूक वय. पण मास्तर, रागावू नका, यात माझा काय दोष? मी बायकांची टिंगल कुठे करतो? मी बाप्या आहे हे अख्ख्या हॉलला ठाऊक असतं. बाप्याने झगा घातलाय, केसांचा टोप घातलाय, तरी मेल्याची मिशी काही लपत नाही, यावर हसतात लोक. माझ्यावर हसतात. आपल्याच अंगावर घेतलेला विनोद आहे हा, निर्मळ. पहिल्या रांगेत बायकाच जास्त असतात आणि त्याच जास्त हसतात.

मास्तर : हसतात. मीही हसले असते, तिकीट काढून आले असते तर.

आत्या : मग झालं तर.

मास्तर : तुमची मिशी लपत नाही म्हणताय, तर ती आहे कुठे? दोनदा दाढी गुळगुळीत करून येता. तुमच्या ओठावर नावालाही काही नसतं. पुरुषाचीच दाखवायची होती तर एक दिवस दाढी न करता आला असतात. मला रोज रंगवायला का लावलीत?

आत्या : कारण ती ढोबळ दिसते. सुरुवातीला करून बघितलं होतं ना. लोक हसले नाहीत. नुसता दाढी न केलेला माणूस दिसला.

मास्तर : हं. म्हणून मला पहिल्या दिवशी काय म्हणालात आठवतंय? 'पुरुषाची नको. एखादीला असते ना, अर्धवट, तशी पाहिजे. आहे की नाही असं वाटलं पाहिजे, पण तिसऱ्या रांगेपर्यंत दिसली पाहिजे.'

आत्या : म्हणालो असेन. बरोबरच आहे ते.

मास्तर : मी तीन रंग लावून दाखवले. एक तुम्हाला काळा वाटला, एक मळका, एक शेवाळासारखा. नवीन नोकरी होती माझी, घाम फुटला होता. मग मी मान वर केली तर समोर आरसा. त्यात तुम्ही, आणि तुमच्या मागे मी. बघून बघून रंग कालवला. तुम्ही लगेच म्हणालात, 'वा मास्तर, कुठून आणलात हो हा नमुना?' तोच रंग आहे डबीत, आजपर्यंत.

आत्या : मला कधी... मास्तर, शपथ घेऊन सांगतो, माझ्या लक्षातच आलं नाही.

मास्तर : एकोणीस वर्षं मी तुमच्या नाकापासून वीतभर लांब उभी आहे.

आत्या : मी डोळे मिटून बसतो हो.

मास्तर : मीच सांगते मिटायला.

मॅनेजर : दुसरी घंटा देतोय हां. मास्तर, आटपा. आज हॉल भरलाय, बाल्कनीसुद्धा. आत्या, तोंड असं का? पोट बरं आहे ना?

आत्या : बरं आहे. जा तू.

मॅनेजर : नाही म्हणजे सोडा पाठवू का?

आत्या : अरे, जा म्हटलं ना.

मास्तर : गेला. हात इकडे करा, बांगड्या चढवते.

आत्या : तुम्हाला इतकं लागत होतं तर बोलायचं होतं. आम्ही काय परके आहोत? मानाने मास्तर म्हणतो तुम्हाला.

मास्तर : मानाने?

आत्या : नाहीतर काय? कंपनीत दुसऱ्या कुणाला मास्तर म्हणतो का आम्ही?

मास्तर : नोकरी मागायला आले तेव्हा मी त्या पडद्याबाहेरून विचारलं, 'आत कुणी आहे का?' तुम्ही आतून ओरडलात, 'या मास्तर, बसा, चहा घ्या.' मग पडदा सारलात आणि समोर मी. सगळे केवढ्याने हसले. मीपण हसले, कारण काम हवं होतं. चूक तुम्ही केलीत आणि नाव मला पडलं.

आत्या : आवाजावरून वाटलं हो मला. जाड आहे ना जरा.

मास्तर : मला सांगताय? लग्नासाठी बघायला आले होते एकदा. मुलाच्या आईने विचारलं, 'सर्दी झालीय का?' मी हो म्हणाले. 'बरी झाली की कळवा,' म्हणून गेल्या.

आत्या : मग?

मास्तर : मग काय कळवणार?

आत्या : ...हसू नये, पण...

मास्तर : हसा. ते मीच विनोद म्हणून सांगते चार लोकांत. माझं मी सांगते तेव्हा ते माझं असतं. पण रोज या खोलीत तुमच्या तोंडावर माझं तोंड रंगवायचं, आणि मग इथे बसून भिंतीपलीकडून ते हसू ऐकायचं... आता कोण हसतंय, कशाला हसतंय, मला सगळं पाठ आहे. म्हटलं, आपल्या एकटीचंच आहे, कुणाला कळतंय? सोसलं. पण ती पोरगी आली आणि ते एकटीचं राहिलं नाही.

आत्या : मास्तर, आता माझंही ऐका. घरी माझं कोण आहे? बायको गेली, मुलगा लांब, त्याचा फोन आला तर 'औषधं घेतोस ना' यापलीकडे जात नाही. सकाळपासून माझ्याशी बोललेला माणूस म्हणजे दारावरचा गुरखा, तोही नुसती मान हलवतो. त्या एका वाक्याला आठशे माणसं एकदम हसतात ना, तेवढ्यावर मी पुढचा दिवस काढतो. ते काढून घेतलंत तर या झग्यात राहिलं काय? एक म्हातारा.

मास्तर : माहीत आहे मला.

आत्या : आणि माझ्या तोंडाला हात लावणारं माणूस जगात तुम्ही एकच उरलात. हेही सांगून टाकतो. म्हणून 'जाते' म्हणू नका.

मास्तर : जाते कुठे म्हणाले? रंग लावीन, टोप बसवीन, सगळं करीन. ती मिशी तेवढी रंगवणार नाही. दुसरी कुणी शोधलीत तरी माझी तक्रार नाही. उठा, तिसरी घंटा झाली.

आत्या : मग मी त्या वाक्याला वळू की नको?

मास्तर : ते तुम्ही बघा. नट तुम्ही.

* * *

मास्तर : बसा. आधी टोप काढते.

आत्या : विंगेत होता तुम्ही?

मास्तर : इथेच होते.

आत्या : मग कळलं असेल.

मास्तर : कळलं. जिन्याला हसले, छत्रीला हसले. तिथे हसले नाहीत.

आत्या : वळायचं नाही असं ठरवून गेलो होतो. पण इतक्या वर्षांची सवय. भाचा वाक्य बोलला आणि पाय आपोआप वळले. दिवा आला तोंडावर. सगळा हॉल माझ्या ओठाकडे बघतोय आणि तिथे काहीच नाही. कुणीतरी खोकलं. एका बाईने उगीच थोडं हसून बघितलं, मग तीही गप्प झाली. मी उभाच. पुढचं वाक्य आठवेना. मला वाटलं, आता यांना आत्याबाई दिसतच नाहीये, मी दिसतोय. फार एकटं वाटलं हो, मास्तर... म्हणजे, काय म्हणू मी तुम्हाला?

मास्तर : मास्तरच म्हणा. आता दुसरं काही म्हणालात तर मी ओ द्यायची नाही.

आत्या : त्या पोरीला असंच वाटलं असेल?

मास्तर : काय माहीत. तिच्याकडे तर कुणी बघतही नव्हतं.

मॅनेजर : आत्या, हा काय प्रकार? ऐन जागेवर मिशी गायब? बुकिंगच्या खिडकीवर दोघं विचारून गेले, मिशी काढली का म्हणून. मास्तर, विसरलात काय तुम्ही?

आत्या : त्या नाही विसरल्या. मी नको म्हटलं.

मॅनेजर : आणि उद्या?

आत्या : उद्याही नको. त्या जागी दुसरं काहीतरी बसवू. पुन्हा एकदा घसरतो हवं तर.

मॅनेजर : या वयात दोनदा घसरणार?

आत्या : या वयात त्याचीच तर सवय होते.

मॅनेजर : तुम्ही जाणा. पण लोक मिशी बघायला येतात, एवढं लक्षात ठेवा. दोन आठवड्यांत हॉल निम्मा झाला तर मला विचारू नका.

मास्तर : गेला. माझं नाव घेतलंत तरी चाललं असतं.

आत्या : एकदा चुकीचं नाव घेतलं तेवढं पुरे झालं.

मास्तर : मान मागे टेका. तेलाचा कापूस गार आहे.

आत्या : मास्तर, भाचीला घेऊन या एकदा. मी सांगतो तिला... नको. मी काय सांगणार? तुम्हीच सांगा घरी गेलात की. म्हणावं, आज आत्याला मिशा नव्हत्या.

मास्तर : तिच्या आत्याला आहेत. मिटा डोळे, तेल जाईल.