गुलाबी पूड

मी, संपत बाजी कोंढाळकर, वय ३८ वर्षे, धंदा शेती, रा. उत्रोली, ता. भोर, जि. पुणे, समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी, आई व पत्नी सुप्रिया असे राहतो. आम्हाला मूल नाही. सुप्रिया दोन वर्षांपासून गावाजवळच्या खाजगी फळमाशी संशोधन केंद्रात कामाला आहे. तेथे फळमाश्या लाखांनी वाढवतात व नर वांझ करून बागांत सोडतात, म्हणजे माशीची पैदास घटते. हे मला तिनेच सांगितले. सांगताना ती माझ्याकडे पाहत नव्हती.

दि. ०८/०४/२०२५ रोजी संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा तिच्या मानेवर व कानामागे गुलाबी पूड होती. थोड्या वेळाने केंद्राचे सुपरवायझर स्वरूप माने गावातील दुकानात दिसले. त्यांच्या कॉलरवर तसलीच पूड होती. त्या रात्री मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ११ च्या सुमारास मी केंद्रावर गेलो. काचेतून पाहिले असता सुप्रिया व माने एकाच पिंजऱ्यावर वाकलेले होते. ती हसत होती. घरी ती हसत नाही, असे नाही.

मी आत जाऊन म्हणालो, "ह्याच्यासाठी येतीस व्हय गं हितं?" ती म्हणाली, "आधी दार लावा. माश्या भाईर जातील." मी दार लावले नाही. पिंजऱ्याची जाळी हाताने फाडली. पाली गावच्या बागांसाठी ठेवलेले सुमारे चाळीस हजार नर उडून गेले.

तेथील कामगार फुलाबाई, वय अंदाजे ६०, यांनी माझा हात धरला. त्यांच्या हातांवर व भांगातही गुलाबी पूड होती. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "आपण सोडल्याली माशी वळखाया तिचं कोष ह्या पुडीत घोळतो, बाबा. समद्यांच्याच अंगाला लागती." सुप्रिया रडली नाही. जाळीत उरलेल्या माश्या मोजत बसली.

पिंजरा तिच्या जबाबदारीत असल्याने फिर्याद तिने दिली आहे. ती मला ऐकवली. ती खरी आहे. सुप्रिया ठाण्यात कोणाबरोबर आली, असे मी हवालदारसाहेबांना विचारले. फुलाबाईंबरोबर एसटीने आली, असे समजले. एसटीत आणखी कोण होते, हे मी विचारले नाही.

हा जबाब मी सांगितला तसाच लिहिला असून, मला मोठ्याने वाचून दाखवल्यावर बरोबर वाटल्याने खाली सही करीत आहे.