डोहेश्वराच्या खालच्या वाटेवरची सोबतीण

ऐका. ऐकायचं असेल तर मध्ये उठायचं नाही. हळदीची कढई उतरायला अजून घटकाभर आहे, तेवढ्यात सांगते. शिवा, जाळ सार. हसतोस काय? हसून घे. त्या रात्री माझं हसू पळालं होतं.

ही माझी वैजू, इथंच बसलीय. हिची दोन लेकरं पोटातच गेली. तिसऱ्या खेपेला आठवा लागला आणि मी डोहेश्वराला बोलले, देवा, हे एवढं राहू दे. चैत्रातल्या सोमवारी आमच्या आडाचं पाणी डोक्यावर आणून तुझ्या पिंडीवर घालते.

नेम तुम्हाला ठाऊकच आहे. चार कोस अनवाणी. पहाटेच्या पूजेआधी पाणी पिंडीवर पडलं पाहिजे. आणि कळशी वाटेत भुईला टेकवायची नाही. टेकली की नवस मोडला. म्हणून दोघींनी जायचं. एक दमली की दुसरीनं घ्यायची. हातातून हातात चालतं, भुईला चालत नाही.

दुसरी कोण? माझी जाऊ, कोंडाबाई. ऐन तिन्हीसांजेला म्हणते, "आक्का, माझी टाच फुटलीय. तुम्ही व्हा म्होरं."

टाच! माझ्या टाचेत रुपया मावला असता, एवढी भेग होती. पण मी बोलले का? तोंड फिरवू नकोस, कोंडे. खरं तेच सांगतेय.

मालकांना विचारलं. ते म्हणाले, "नवस तू बोललीस." आणि कुशीवर वळले.

मग काय, निघाले एकटी. दिवसभर हळद शिजवलेली. कोपरापर्यंत हात पिवळे, पाठीचं नुसतं लाकूड झालेलं. डोक्यावर तांब्याची कळशी, हातात बॅटरी. वरचा रस्ता लांबचा. खालची वाट नदीकाठानं जाते, कोसभर वाचतो. निघायलाच मध्यरात्र उलटली होती, उशीर झाला होता. घेतली खालची वाट. चुकलंच माझं.

ऐका आता. करंजाच्या झाडाखाली एक दगड दिसला. सपाट, पाटासारखा. वाटलं, बसावं. पण एकटी बाई भरली कळशी डोक्यावर घेऊन बसली तर उठेल कशी? नाही बसले. चालले. थोड्या वेळानं परत करंज, परत तोच दगड. म्हटलं असेल दुसरा. चालले. तिसऱ्यांदा तोच! आणि आता त्याच्यावर घोंगडी अंथरलेली. एक सुरकुती सुद्धा नव्हती.

बॅटरी विझली. मागून हाक आली, "आई, थांब गं, पोटात दुखतंय." वैजूचा आवाज! पण वैजू तर तिकडं घरी, खाटेवर. मागं बघितलं नाही. देवाचं नाव घ्यायचं तर तेही आठवेना. मी आपली पावलं मोजत होते. मान जळत होती. डोळे मिटत होते. चालता चालता झोपलात का कधी? मी झोपत होते.

आणि शेजारून कुणीतरी म्हणालं, "दमलीस गं बाई. दे इकडं, आता मी घेते."

बघते तर बाईमाणूस. माझ्याच वयाची, नऊवारी नेसलेली, अनवाणी. वाटलं, ही पण नवसाचीच असणार.

अहो, तिथंच कळायला हवं होतं मला! चाळीस वर्षांत मला कुणी म्हटलं नव्हतं की दे इकडं, तू दमलीस. ना आई, ना सासू, ना हे. जिवंत माणूस असं बोलतंय होय कधी? पण माझे डोळे भरून आले. मी कळशी दिली. तिचे हात हाताला लागले. गार! आडाच्या तळातल्या दगडासारखे गार.

मान मोकळी झाली. काय सुख वाटलं म्हणून सांगू! दहा पावलं मी वाऱ्यावर चालले. मग ध्यानात आलं, कळशीतलं पाणी डुचमळत नाही. तिच्या पावलांचा आवाज येत नाही. आणि ती देवळाच्या पायऱ्या सोडून खाली डोहाकडं निघालीय.

"अगं ए! देऊळ इकडं!"

"तू बस," ती म्हणाली. "किती वर्षं उभी आहेस."

आणि माझे गुडघे आपोआप वाकायला लागले! बसायचं नाही म्हणते, तरी वाकतात. तो दगड माझ्या मागं येऊन उभा. ती पाण्याकाठी पोचली, कळशी डोक्यावरून उतरवली आणि म्हणाली, "मीही इथंच टेकवली होती. क्षणभरच. माझ्या लेकीसाठीच होती. आता तुझीही टेकवते. मग दोघी बसू."

मी दिल्या शिव्या! ज्या येत होत्या त्या सगळ्या. रांडे, माझ्या लेकीचं पाणी आहे ते! ती हसली आणि कळशी वीतभर खाली नेली. परत शिवी दिली. परत वीतभर. आता भुईला चार बोटं राहिली.

तेव्हा मला तिची मान दिसली. कापत होती हो. माझी कापत होती तशीच. शिव्या गिळल्या मी. जीव एकवटून सरळ उभी राहिले, दोन्ही हात पुढं केले.

"कधीपासून चालतेस गं?" म्हटलं. "दमलीस. दे इकडं, आता मी घेते."

थांबली. माझ्याकडं नुसती बघत राहिली. तिलाही कुणी म्हटलं नसणार. आणि उचलून दिली की कळशी माझ्या हातात!

मी पळाले. एकेचाळीस पायऱ्या. मागून आवाज, "आता माझ्याकडं दे की." पाचव्या पायरीला मागं होता. विसाव्याला खांद्याशी. चाळिसाव्याला कानात, गार श्वासासकट, "दे की गं, दे की." उंबऱ्यात पाय टाकला आणि आवाज तुटला. गुरव दार उघडून उभाच होता. पाणी पिंडीवर गेलं.

दिवा जवळ घेऊन कळशी पाहिली. माझ्या पिवळ्या हातांचे ठसे सगळीकडं होते. फक्त दोन ठिकाणी घासून काढल्यासारखं तांबं लखलखत होतं, दहा बोटांच्या आकारात.

दीड महिन्यानं ही चिमी झाली. वैजूच्या मांडीवर घोरतेय बघा.

म्हणून सांगते, खालच्या वाटेनं जायचं नाही. कोस वाचतो म्हणून नाही, उशीर झाला म्हणून नाही. वरच्या रस्त्यानं जा. आणि बायांनो, एकटीनं जाऊ नका. ती वाईट नाही. पण ती दमलेलीला ओळखते, आणि आपल्यात न दमलेली कोण आहे?

चला, कढई उतरवा. सावकाश, जड आहे. मी धरते हा कान...

कोण ते? मालक? काय म्हणालात?

"तू बस. दे इकडं, मी धरतो."

अगं बाई! शिवा, कंदील आण. कुणीतरी आधी यांचे हात बघा गं, गरम आहेत का!