कमलच्या नावापुढचा रकाना

नाही हो ताई, चुकीच्या घरात आलात — कमल नावाचं इथं कोणी नाही. मी सुंदरा, नवरा लोटू, तो कापडाच्या लूमवर गेलाय — दोघंच. मराठी बोलता म्हणून बसा म्हटलं, पाणी दिलं, पण ती वही आधी पिशवीत घाला. प्लेगच्या साली असेच वहीवाले फिरले आमच्या पर्वत पाटियाच्या वस्तीत, ताप कोणाला, खोकला कोणाला — आणि शेजारच्या निंबाला उचलूनच नेलं, साधी सर्दी होती त्याला! आत? आत मांजर असेल... बरं, माणूस आहे. बहिणीची पोर. बावीस वर्षांची, पण समज पाच वर्षांच्या लेकराची — साडीवर टिकल्या मात्र माझ्याहून सरळ लावते, एकदा दाखवलं की झालं. कडी मीच लावते, बाहेरून. तोंड वाकडं करू नका, ताई! दोनदा चालत हायवेला गेली, पलसाण्याच्या एका ट्रकवाल्यानं आणून सोडली. कडी का लावली, ते सगळे विचारतात — मी कामाला गेले की तिच्यापाशी कोण बसतं, हे विचारतं का कोणी?

संस्थेचं नाव काढू नका! पाहिलीय मी. कामरेजच्या पुढं होती एक — म्हणे, इथं फक्त बेवारस मुली घेतो, आईबाप असले की नियमात बसत नाही. मग काय करायचं? मी सांगितलं, स्टेशनवर सापडली. हो, मीच! आणि ही माझा पदर धरून ‘माय, माय’ करतेय — तो साहेब तिच्याकडे पाहतो, माझ्याकडे पाहतो, आणि लिहितो, आईबाप माहीत नाहीत. त्याला कळत होतं, ताई. तरी लिहिलं. अडीच महिन्यांनी गेले, तर डोकं भादरलेलं, गुडघ्यात मान घालून बसलेली. मला पाहून ‘माय’ म्हणाली नाही. घेऊन जाते म्हटलं, तर म्हणे तुम्ही कोण हिच्या, पुरावा आणा! माझंच खोटं त्यांच्या कागदावर खरं होऊन बसलं होतं. मग दुपारी मुलींना कपडे वाळत घालायला मागं सोडतात ना, तेव्हा हात धरला आणि सुटले — रिक्षा मिळेपर्यंत मागं वळून पाहिलं नाही. चोरलीच म्हणा. पोटची पोर चोरून आणली... हो, माझीच. बहिणीची नाही. आता कळलं ना? मग खरं सांगा, तुम्हाला त्यांनीच पाठवलंय ना? नाही, तर कमलचं नाव कोणी दिलं — समोरच्या प्रमिलाबाईनं? तिच्या तोंडाला कुलूप कधी नव्हतंच.

अशा पोरींसाठी नवा कायदा झाला? झाला असेल. सकाळी न्यायची, संध्याकाळी घरी — रोज? राहायचं नाही तिथं? शिवण शिकवता, बोलायला शिकवता... आता दोन-चार शब्द बोलते ती. ‘माय’ अजून नाही. आणि संध्याकाळी कोणाच्या हाती द्याल? आईच्याच — म्हणजे त्या रकान्यात माझं नाव येणार. — थांब व माय, ऊनू मी, आलेच! — आतून दार वाजवतेय बघा, तुमचा आवाज ऐकला तिनं. घ्या, लिहा. सुंदरा... नको. ते कामरेजवाले वाचतील, उद्या दारात उभे राहतील. खोडा. खोडा म्हणते ना! पान फाडून द्या इकडं. उद्या येऊ नका, परवाही येऊ नका. आणि आता निघा — लोटूची सुट्टी होईल एवढ्यात. तो आला तर पोरीला पाठवायला हो म्हणेल.