पाटावरून उठाचं कसं?

...आन् वरून मलेच विचारते, काका, पाय काहून दुखून राहिले? अरे बाबू, मले माहीत असतं तं मी तुले कायले विचारलं असतं? हा अश्विन, आमच्या सायकल ग्रुपचा कॅप्टन, वय सव्वीस. म्हणे, "काका, दुखते म्हणजे मसल बनून राहिले." तीन महिने झाले भाऊ, रोज सकाळी मानेवाड्याहून फुटाळ्याले जातो आन् येतो, येवढे मसल बनले असते तं मी आतापर्यंत आखाड्यात उतरलो असतो! तुमाले सांगतो, बसलो का उठता येत नाही, उठलो का बसता येत नाही.

लोकं म्हणतात सायकलनं तब्येत बनते. बनली ना, शुगर खाली आली, खोटं कायले बोलू? पण मांड्या! जिना मी उलटा उतरतो, कठड्याले धरून. खालच्या सिंधूताई रोज विचारतात, "सुमंतभाऊ, वर काही इसरले का?" रामदासपेठेतला डॉक्टर म्हणे आराम करा, अश्विन म्हणे आराम अजिबात नका करू, आन् आमची कौसल्या, म्हणजे बायको, थे मोहरीच्या तेलात लसूण तळून मालिश कराले देते... सारा ग्रुप माह्यापासून दहा हात लांब चालवते, फोडणीचा वास येते म्हणे.

हेही चाललं असतं. पण त्यातच पोरीचा, दिपालीचा, साखरपुडा ठरला. आता आमच्यात कसं राहते, पोरीच्या बापानं पाटावर मांडी घालून बसाचं, पूजा होईपर्यंत हलाचं नाही, मंग उठून व्याह्याची गळाभेट घ्याची. बसाचं माह्या हातात, उठाचं कोणाच्या? व्याही ताराचंदभाऊ कळमन्याचे, धान्याचे ठोक व्यापारी, मुठीतले चार दाणे पाहून कट्टा, म्हणजे अख्खं पोतं, पारखणारा माणूस. त्यानं म्हटलं का पोरीच्या बापाले काहीतरी रोग आहे आन् यांनी लपवला, तं? एकुलती एक पोट्टी आहे बाप्पा. समोर तर्रीपोहा असून घास उतरेना मले.

कौसल्याले म्हटलं, सायकल इकूनच टाकतो. तं थे दचकली! "नोका जी, चांगली सवय लागली तुमाले." मले वाटलं, काय काळजी आहे माही बाईले...

साखरपुडा बिल्डिंगच्या हॉलमध्येच होता. बसलो. गुरुजींनी पूजा लांबवली लांबवली, आन् मंग म्हणे, "हं, उठा यजमान." मी म्हटलं, हो उठतो. आन् बसूनच राहिलो. शंभर माणसं पाहून राहिली, दिपालीचं तोंड उतरलं, मी आपला हसून राहिलो... तुमाले सांगतो, बसलो का उठता येत नाही! तेवढ्यात ताराचंदभाऊ वाकले, माह्या बगलेत हात घातले, आन् तांदळाचा कट्टा उचलावा तसं मले उभं केलं. गळाभेट घेता घेता कानात विचारलं, "सायकल चालवता का? मीबी चालवतो, वीस वर्षं झाले. सीट खाली असन तुमची."

पंगत राहिली बाजूले, दोघं व्याही पार्किंगमध्ये! सायकल पाहून त्यांनी कपाळाले हात लावला. आता कसं सांगू त्याईले? सीट खाली जाते थे मले माहीत होतं ना! सुरुवातीले मी रोज वर करत होतो, दुसऱ्या दिवशी पाहतो तं खाली. मले वाटलं, माह्या वजनानं दबून राहिली. सांगणार कोणाले, ग्रुपमधले पोट्टे हसले असते. म्हून मी सीट वर कराचं सोडलं... आन् भात सोडला.

ताराचंदभाऊनं नट हलवून पाहिला. म्हणे, "अशी दबत नाही गा थे. कोणीतरी खाली करून राहिलं."

मी मागं पाहिलं. मागं कौसल्या, अंगावर नवी पैठणी, नजर जमिनीवर. "अजी, तुमी हापिसात गेले का मी हीच घेऊन जाते ना दुपारची. बहिणीकडे. बुटीबोरीले."

बुटीबोरीले! जाऊन-येऊन चाळीसच्या वर किलोमीटर होते थे! म्हटलं, आन् पाय नाही दुखत तुहे?

"पाय कायले दुखतीन? सीट बरोबर आहे ना."

ताराचंदभाऊ तिथंच, सायकलीच्या सीटवर हात मारून म्हणे, सोयरीक पक्की, अशा घरची पोरगी पाहिजेच आमाले. दिपाली हसली, माहा जीव भांड्यात पडला. आता कौसल्याले दुसरी सायकल आणली, माही सीट वर झाली, आन् दुखणं? बंद! आठ दिवस.

मंग दर रविवारी व्याही आन् कौसल्या पुढं, मी मागं. काल रामटेकले नेलं मले. जाऊन, येऊन, शंभर किलोमीटर. आता थे खुर्ची तुमी मघापासून पुढं सरकवून राहिले, दिसते मले, माणसं चांगली आहात तुमी... पण राहू द्या. बसलो तं मले उचलाले ताराचंदभाऊ कळमन्याहून बोलवा लागतीन, आन् थे येतीन सायकलनं.